खेळयंत्राचा आवाज, घरचे स्पीकर

सोलापूर हें फार दिवसांपासून आवाजाच्या सोबतीनें जगणारें शहर आहे. येथील मोठ्या कापडगिरण्या चालूं होत्या त्या काळीं गिरणीचा भोंगा हेंच पुष्कळ घरांचें घड्याळ असे. पूर्वभागांतील गल्ल्यांतून यंत्रमागांची खडखड आजहि ऐकूं येते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरली म्हणजे मराठी, कानडी आणि तेलुगु ह्या तिन्ही भाषा एकाच वेळीं कानांवर पडतात. अशा ह्या शहरांतील सुशिक्षित घरांत आवाजाचें एकेक यंत्र पिढीपिढीनें शिरत गेलें. प्रथम ग्रामोफोन आला, मग रेडिओ आला. १९३२ सालीं प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' ह्या बोलपटानें पडद्यावरील पात्रांच्या तोंडून मराठी ऐकविली, आणि चित्र हें केवळ पाहावयाचें नसून ऐकावयाचेंहि आहे ही गोष्ट मराठी प्रेक्षकाच्या मनांत कायमची बसली. त्यानंतर दूरदर्शन आलें, संगणक आला, आणि आतां त्याच मालिकेंत एका नव्या पाहुण्याची भर पडली आहे. तो पाहुणा म्हणजे मुलें ज्याला 'प्लेस्टेशन' किंवा 'एक्सबॉक्स' म्हणतात तो गेम कन्सोल, अर्थात् खेळयंत्र.

ह्या यंत्राविषयीं वडील मंडळींचा साधारण समज असा असतो कीं, तें केवळ चित्रें नाचविणारें यंत्र आहे. वस्तुस्थिति तशी नाहीं. ह्या खेळांची निम्मी बांधणी ध्वनीची असते. आपल्या पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें रचलेला, आपल्या पुराणकथांच्या वातावरणांत घडणारा 'राजी' हा खेळ २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील महाल, मंदिरें आणि असुर हे जसे डोळ्यांसाठीं रंगविलेले आहेत, तसेच ते कानांसाठींहि योजिलेले आहेत. त्याच वर्षीं निघालेल्या 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागांत तर ध्वनीच्या खुणा इतक्या विचारपूर्वक घातल्या आहेत कीं, दृष्टि नसलेल्या मनुष्यासहि तो खेळ खेळतां यावा. पाऊल मागून वाजलें कीं डावीकडून, पाणी किती दूर आहे, दार कोठें उघडलें, हें सर्व कानानें कळावें अशी ह्या रचनाकारांची अपेक्षा असते.

ही अपेक्षा आपल्या घरांत मात्र बहुधा पुरी होत नाहीं. त्याचें कारण खेळयंत्रांत नसून टीव्हींत आहे. टीव्ही जसजसा पातळ होत गेला तसतशी त्याच्या पोटांतील स्पीकरांस जागा उरली नाहीं. आतां ते बोटभर जाडीच्या चौकटींत खालीं किंवा मागें तोंड करून बसविलेले असतात. त्यांचा आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. चित्र राजवाड्याचें, आणि आवाज मात्र पत्र्याच्या डब्यांतला, असा विसंवाद त्यामुळें उत्पन्न होतो.

सोलापुरांतील एखादें एकत्र कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. दिवाणखान्यांत टीव्ही आहे, त्याखालीं मुलांचें खेळयंत्र आहे. वरच्या खोलींत पूर्वीं संगणकासाठीं हौसेनें घेतलेला स्पीकरांचा संच आहे. पांच लहान स्पीकर आणि एक मोठी लाकडी पेटी. संगणकाच्या जागीं लॅपटॉप आला आणि तो संच जुन्या चादरींत गुंडाळून माळ्यावर गेला. मुलगा म्हणतो, नवा साउंडबार घ्यावा. आजोबा म्हणतात, "घरांत पांच स्पीकर पडले असतां सहावा कशाला?" आमच्या मतें दोघांचेंहि म्हणणें रास्त आहे. मुलाला हवा तो आवाज टीव्ही देऊं शकत नाहीं हें खरें. आणि तो आवाज देण्याची शक्ति माळ्यावरच्या संचांत आहे हेंहि खरें. प्रश्न एवढाच उरतो कीं, ह्या दोहोंची गांठ कशी घालावी. ती घालण्याची रीत पुष्कळांस ठाऊक नसते, आणि त्या अज्ञानापायीं हजारों रुपयांची अनावश्यक खरेदी होते. म्हणून ह्या लेखांत ती सविस्तर सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

सहा वाटा, तीन पिना

संगणकाच्या ह्या संचाला बाजारांत 'फाइव्ह पॉइंट वन' म्हणतात. पांच म्हणजे समोरचे डावा व उजवा, मधला एक, आणि पाठीमागचे डावा व उजवा. शेवटला 'पॉइंट वन' म्हणजे ती लाकडी पेटी, जिला सबवूफर असें नांव आहे. तिच्याकडे केवळ खोल, घुमणाऱ्या स्वरांचें काम असतें, म्हणून ती पूर्ण एक न धरतां दशांशानें मोजली आहे. इतक्या खोल स्वराची दिशा आपल्या कानास ओळखतां येत नाहीं. त्यामुळें ही पेटी एकच पुरते.

बाकीच्यांची दिशा कान कशी ओळखतो? आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानास आधीं आणि उजव्या कानास किंचित् मागाहून पोहोंचतो. हें अंतर फार झालें तरी सेकंदाचा सुमारें दीड हजारावा भाग असतें. परंतु तेवढ्यावरून मेंदु दिशा ठरवितो. शिवाय डोक्याच्या आडोशामुळें पलीकडच्या कानास बारीक स्वर जरा मंद ऐकूं येतात. ह्या दोन खुणांची उपपत्ति इंग्लंडांतील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले ह्यानें १९०७ सालीं मांडली. प्रत्यक्ष प्रयोग त्याहून जुना आहे. १८८१ सालीं पॅरिसच्या विद्युत्प्रदर्शनांत क्लेमां आदेर ह्यानें तेथील नाट्यगृहांतलें संगीत दोन टेलिफोनांच्या द्वारें दोन कानांस निरनिराळें ऐकविलें, आणि गायक रंगभूमीवर कोणत्या बाजूस उभा आहे हें दूर बसलेल्या श्रोत्यांस कळलें. पुढें १९३१ सालीं ॲलन ब्लूमलीन ह्या इंग्रज अभियंत्यानें दोन वाटांच्या ध्वनिमुद्रणाचें पेटंट मागितलें. आपल्याकडे १९७५ सालच्या 'शोले'नें सत्तर मिलिमीटरच्या पडद्याबरोबर अनेक वाटांचा ध्वनि ऐकविला, आणि फेंकलेलें नाणें चित्रगृहाच्या कोणत्या कोपऱ्यांत पडलें तें प्रेक्षक मान वळवून पाहूं लागले. आज खेळयंत्र जें करूं पाहतें तें ह्याच विद्येचें घरगुती रूप होय.

संचाच्या मागें पाहिलें तर तीन बारीक पिना दिसतात. हिरवी समोरच्या दोन स्पीकरांची, काळी पाठीमागच्या दोहोंची, आणि नारिंगी मधला स्पीकर व सबवूफर ह्यांची. प्रत्येक पिनेंतून दोन वाटा जातात. तीन दुणे सहा. संगणकाच्या मागील बाजूस ह्याच तीन रंगांचीं भोकें असत, म्हणून तेथें जोडणी सोपी होती. खेळयंत्रास असलीं तीन भोकें नसतात, आणि सारी अडचण येथेंच आहे. खेळयंत्र अंकांच्या भाषेंत बोलतें; संचाला तारेंतून येणारा प्रत्यक्ष चढउतार लागतो. मध्यें दुभाषा हवा.

प्रथम यंत्राची पाठ पाहावी

कोणती रीत पत्करावी हें खेळयंत्राच्या पाठीवर काय आहे त्यावरून ठरतें. म्हणून बाजारांत जाण्यापूर्वीं यंत्र फिरवून पाहावें. तेथें एक लहान चौकोनी भोंक आणि त्यावर झडप असेल, तर ती 'ऑप्टिकल' वाट होय. तिच्यांतून ध्वनि प्रकाशाच्या रूपानें बारीक तंतूमधून जातो. यंत्र चालूं असतां केबलच्या टोकाशीं तांबडा उजेड दिसतो. ही रचना तोशिबा कंपनीनें १९८३ सालीं आणली, आणि तिचें रूढ नांव 'टॉसलिंक' असें आहे.

ही वाट प्लेस्टेशनच्या २००० सालच्या दुसऱ्या, २००६ सालच्या तिसऱ्या आणि २०१३ सालच्या चौथ्या आवृत्तींत होती. २०१६ सालीं चौथ्या आवृत्तीचें जें सडपातळ रूप निघालें त्यांतून ती काढली. त्याच वर्षींच्या 'प्रो' रूपांत मात्र ती ठेवली. २०१३ च्या एक्सबॉक्स वनमध्यें ती आहे. परंतु २०२० सालीं आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्यें आणि एक्सबॉक्स सीरीज एक्स व एस ह्यांमध्यें ती नाहीं. निंटेंडोच्या २०१७ च्या स्विचमध्येंहि नाहीं. ह्या नव्या यंत्रांतून चित्र आणि ध्वनि एकाच एचडीएमआय केबलींतून बाहेर पडतात. तेव्हां एकाच घरांत थोरल्या भावाच्या जुन्या यंत्रास जी रीत लागूं पडते, ती धाकट्याच्या नव्या यंत्रास पडत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

पहिली रीत: दोनच वाटा

सर्वांत सोपी रीत म्हणजे टीव्हीच्या हेडफोनच्या भोकांत संचाची हिरवी पिन घालणें. बहुतेक टीव्हींना हें भोंक असतें. अंतर अधिक असेल तर तेवढ्या लांबीची जोडकेबल आणावी. खर्च जवळ जवळ कांहींच नाहीं, आणि डब्यांतला आवाज नाहींसा होऊन भरदार आवाज तत्काळ मिळतो. ह्यांत उणीव एवढीच कीं, डावी आणि उजवी अशा दोनच वाटा मिळतात. कांहीं संचांवर ह्या दोन वाटांतूनच पांचही स्पीकर वाजविण्याचें बटण असतें. त्यानें मागचे स्पीकर बोलूं लागतात खरे, परंतु मागचें पाऊल मागूनच वाजलें पाहिजे ही गोष्ट साधत नाहीं. समोरचाच आवाज थोडा मागें शिंपडला जातो. ज्या घरांत खेळ क्वचित् आणि भजनें, बातम्या, चित्रपट अधिक, त्या घरानें येथेंच थांबावें असें आम्ही म्हणूं.

दुसरी रीत: प्रकाशतंतु आणि दुभाषा

यंत्राच्या पाठीवर ऑप्टिकल वाट असेल तर खऱ्या सहा वाटा मिळविणें कठीण नाहीं. त्यासाठीं एक ऑप्टिकल केबल आणि एक लहानशी पेटी लागते. ह्या पेटीला दुकानदार 'फाइव्ह पॉइंट वन डिकोडर' म्हणतात. हीच आपली दुभाषी.

ती कां लागते तें थोडक्यांत सांगतों. दर सेकंदास ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना १६ अंकचिन्हांचा, ह्या हिशेबानें एका वाटेस सेकंदाला ७,६८,००० चिन्हें लागतात. दोन वाटांस सुमारें पंधरा लाख, आणि सहा वाटांस सेहेचाळीस लाखांवर. ऑप्टिकल वाटेची आंखणी मुळांत दोनच वाटांसाठीं झालेली आहे. म्हणून सहा वाटा तिच्यांतून न्यावयाच्या तर त्या आवळून बांधाव्या लागतात. डॉल्बी डिजिटल ही अशी बांधणी होय; तिच्यांत सहाही वाटा मिळून सेकंदाला फार तर ६,४०,००० चिन्हांत बसतात. डीटीएस ही दुसरी. खेळयंत्र गांठोडें बांधतें, तंतु तें वाहून नेतो, आणि डिकोडर तें सोडून सहा वाटा वेगळ्या करतो.

खरेदींत येथें फसगत होण्याचा संभव आहे. बाजारांत हुबेहूब अशाच दिसणाऱ्या, परंतु दोनच वाटा देणाऱ्या स्वस्त पेट्या मिळतात. त्यांना गांठोडें सोडतां येत नाहीं. डॉल्बी पाठविली कीं त्या मुक्या होतात किंवा खरखर करतात. म्हणून नव्या पेठेंत चौकशी करावी अथवा घरबसल्या मागवावी, पेटीवर डॉल्बी डिजिटल व डीटीएस हीं नांवें आहेत कीं नाहींत, आणि बाहेर पडणाऱ्या वाटा मोजून सहा आहेत कीं नाहींत, हें पाहिल्याशिवाय पैसे देऊं नयेत. पेटीला तीन बारीक भोकें असलीं तर संचाच्या तीन पिना सरळ बसतात. सहा गोल आरसीए भोकें असलीं तर एका टोकास दोन आरसीए आणि दुसऱ्या टोकास बारीक पिनेचें भोंक अशा तीन जोडकेबली घ्याव्या लागतात.

जोडणी झाल्यावर खेळयंत्रास समज द्यावी लागते, आणि पुष्कळांचें गाडें येथेंच अडतें. प्लेस्टेशन ४ मध्यें ध्वनीच्या मांडणींत जाऊन मुख्य वाट 'डिजिटल आउट, ऑप्टिकल' अशी निवडावी, आणि 'ऑडिओ फॉरमॅट' ह्या सदरांत 'बिटस्ट्रीम, डॉल्बी' हें ठरवावें. एक्सबॉक्स वनमध्येंहि ऑप्टिकल वाटेस डॉल्बी डिजिटल देण्याची सोय आहे. हें न केल्यास यंत्र मुकाट्यानें दोनच वाटा पाठवितें, आणि घरचे लोक डिकोडरास दोष देतात.

तिसरी रीत: एचडीएमआयमधून ध्वनि वेगळा काढणें

नव्या यंत्रांस ऑप्टिकल वाट नाहीं. मग ध्वनि एचडीएमआयमधून वेगळा काढावा लागतो. तें काम करणाऱ्या पेटीस 'ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर' म्हणतात. खेळयंत्राची केबल तिच्यांत शिरते, चित्र पुढें टीव्हीकडे जातें, आणि ध्वनि बाजूच्या ऑप्टिकल वाटेनें आपल्या डिकोडराकडे येतो. कांहीं पेट्यांत एक्स्ट्रॅक्टर आणि डिकोडर एकत्रच असतात. ह्या पेटीवर 'टू चॅनल', 'फाइव्ह पॉइंट वन' आणि 'पास' असा एक लहान खटका बहुधा असतो. तो फाइव्ह पॉइंट वनवर ठेवावा. कारण पुढच्या यंत्रास किती वाटा पेलतात हें खेळयंत्र ह्या खटक्यावरूनच समजून घेतें. त्यानंतर प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स ह्यांच्या मांडणींत डॉल्बी डिजिटल निवडावें.

टीव्हीला स्वतःची ऑप्टिकल वाट असेल तर एक्स्ट्रॅक्टर कशाला, असें कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे, आणि प्रथम तेंच करून पाहावें. परंतु एचडीएमआयनें आलेला सहा वाटांचा ध्वनि पुष्कळ टीव्ही दोन वाटांचा करून बाहेर टाकतात. आपला टीव्ही डॉल्बी जशीच्या तशी पुढें देत असेल तर एका पेटीचा खर्च वांचला.

निंटेंडो स्विचची गोष्ट वेगळी आहे. तें यंत्र गांठोडें बांधीत नाहीं. सहा वाटा मोकळ्याच पाठवितें. मोकळ्या सहा वाटा ऑप्टिकल तंतूंत मावत नाहींत, म्हणून त्यास मोकळा ध्वनि स्वीकारून सहा तारांच्या वाटा सरळ बाहेर देणारीच पेटी हवी. आणखी एक सूचना. नवीं यंत्रें फार वेगवान् आणि बारकाव्याचें चित्र पाठवितात. स्वस्त एक्स्ट्रॅक्टर मध्यें आला कीं चित्राचा वेग उतरतो. ध्वनि सुधारतां सुधारतां चित्र बिघडतें. टीव्ही तितका वेगवान् नसेल तर ह्याची चिंता नको. असेल तर पेटी घेतांना ती किती चित्रें पेलते हें पाहावें.

कित्येकजण खेळयंत्राची केबल संगणकाच्याच एचडीएमआय भोकांत घालून पाहतात. तें भोंक बाहेर देण्याचें असतें, आंत घेण्याचें नव्हे. तेथें कांहींहि होत नाहीं. संगणकाचें फिकें निळें भोंक आंत घेतें, परंतु दोनच वाटा.

गुणगुण, विलंब आणि वाड्याच्या भिंती

जोडणी झाली, आवाज आला, आणि त्याबरोबर एक सततची 'हूं' अशी गुणगुण आली, हा अनुभव सार्वत्रिक आहे. टीव्ही, खेळयंत्र आणि संच हे वेगवेगळ्या ठिकाणांहून वीज घेतात, आणि तारांनीं एकमेकांस जोडले गेले म्हणजे जमिनीच्या तारेंतून एक वेटोळें तयार होतें. त्यांतून विजेची ५० आंदोलनांची लहर स्पीकरांत उतरते. सर्व यंत्रें एकाच पट्टीवर लावलीं कीं बहुधा ही तक्रार मिटते. ऑप्टिकल तंतूंत तांब्याची तारच नसल्यामुळें त्याच्याकडून ही पीडा होत नाहीं. तिसरी पिन मोडून गुणगुण बंद करण्याची युक्ति कोणी सुचविली तर ती मुळींच ऐकूं नये. ती पिन घरांतील माणसांच्या जिवासाठीं आहे. ऑप्टिकल तंतु काटकोनांत वांकवूं नये, आणि त्याच्या टोकांवरील लहान टोपण्या काढावयास विसरूं नये.

दुसरी तक्रार विलंबाची. तलवार लागली आणि खणखणाट मागाहून आला तर रसभंग होतो. डिकोडर गांठोडें सोडण्यास कांहीं क्षणांश घेतो. चित्र मागें राहत असेल तर टीव्हीचा 'गेम मोड' चालूं करावा. हवेंतून आवाज एक मीटर जाण्यास सेकंदाचे सुमारें तीन सहस्रांश लागतात, म्हणून खोलींतल्या खोलींत स्पीकर थोडा मागेंपुढें झाल्यानें कांहीं बिघडत नाहीं. गंमत म्हणून सांगतों, सोलापूरच्या वैशाखांत ४० अंशांच्या हवेंत आवाज सेकंदाला सुमारें ३५५ मीटर धांवतो; २० अंशांत तोच ३४३ मीटर धांवतो.

मांडणीचा नियम आंतरराष्ट्रीय संस्थेनें ठरविलेला आहे. ऐकणाराच्या नाकासमोर मधला स्पीकर. समोरचे डावा व उजवा त्यापासून तीस तीस अंशांवर. मागचे शंभर ते एकशें वीस अंशांवर, म्हणजे पाठीमागें अगदीं भिंतीपाशीं नव्हे, तर कानांच्या किंचित् मागें. आपल्या घरांत मुलें पुष्कळदां जाजमावर बसून खेळतात. मग समोरचे स्पीकर टेबलावर ठेवून उपयोग नाहीं. ते कानाच्या उंचीला खालीं उतरवावेत. तारा दाराच्या उंबऱ्यावरून नेऊं नयेत. घरांत वृद्ध मंडळी आहेत, रांगतीं मुलें आहेत. भिंतीच्या कडेनें पट्टी मारून न्याव्या.

दगडी वाड्यांतील खोल्यांत आणखी एक अडचण असते. दगड, फरशी आणि गुळगुळीत गिलावा ह्यांवरून आवाज परत फिरतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. ह्यावर परदेशी लोक महागड्या पट्ट्या लावतात. सोलापूरकरांस त्याची गरज नाहीं. आपल्या मागांवर विणलेली, भौगोलिक मानांकन मिळालेली जाड सुती चादर टीव्हीसमोरच्या भिंतीवर थोडी मोकळी, चुण्या ठेवून टांगावी आणि खालीं सतरंजी अंथरावी. बारीक स्वरांचा गोंगाट लागलीच कमी होतो. खोल स्वर चादरीस दाद देत नाहींत. त्यांसाठीं सबवूफर कोपऱ्यांतून काढावा, कारण कोपऱ्यांत त्याचा घुमारा वाढतो आणि शेजारच्या खोलींतील भांडीं वाजूं लागतात.

सर्व मांडणी झाल्यावर डिकोडर अथवा खेळयंत्र ह्यांच्या चांचणीच्या आवाजानें एकेक स्पीकर तपासावा. माणसांचें बोलणें सबवूफरमधून घोगरें येऊं लागलें तर नारिंगी पिनेंतील दोन वाटांची अदलाबदल झालेली आहे असें समजावें. कांहीं संचांत ही उलटापालट असते, आणि ती फिरविण्याचें बटण डिकोडरवर नसल्यास जोडकेबल उलटी लावून ती दूर होते.

घराचा प्रश्न

इथपर्यंत तारांचा विचार झाला. परंतु ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं राहतात त्या घरांत आवाज हा केवळ तारांचा प्रश्न राहत नाहीं. पुष्कळ घरांनीं त्याचा निकाल असा लाविला आहे कीं, मुलाच्या कानांवर हेडफोन चढवून द्यावा. त्याला त्याचा खेळ, आम्हांला आमची शांतता. ह्यांत सोय आहे हें आम्ही नाकारीत नाहीं. रात्रीं किंवा परीक्षेच्या दिवसांत, भावंडांपैकीं एक वाचीत असतां दुसऱ्यानें हेडफोन लावणें हेंच सौजन्य. परंतु तीच नित्याची रीत झाली म्हणजे दोन हानि होतात. मुलगा त्याच खोलींत बसून घरास दिसेनासा होतो. त्याला हांक ऐकूं येत नाहीं, आणि तो काय ऐकत आहे हें घरास कळत नाहीं. दुसरी हानि कानाची. स्पीकरचा आवाज फार झाला तर घरांतील कोणी तरी ओरडतें; हेडफोनचा आवाज फार झाला तर ओरडणारें कोणी नसतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २०१९ सालीं ठरविलेलें माप असें आहे: प्रौढांनीं ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा, मुलांच्या बाबतींत तेवढ्याच तासांस ७५ डेसिबल. आवाज तीन डेसिबलांनीं वाढला कीं वेळ निम्मा करावा लागतो. म्हणजे ८० चे ४० तास, तर ८३ चे २० आणि ८६ चे केवळ १०. २०२५ सालीं संघटनेनें खेळयंत्रांसाठीं सुरक्षित श्रवणाचें निराळें मानकहि प्रसिद्ध केलें, ह्यावरून हा विषय किती गंभीर मानला गेला आहे तें दिसतें. एकदां गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं. चष्म्यानें दृष्टि सावरते तसा कान सावरत नाहीं.

आणि शेजाऱ्यांचेंहि कांहीं आहे. भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं दहा ते सकाळीं सहापर्यंत ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आहे. खिडकी उघडी ठेवून सबवूफर दणाणविला तर ती सहज ओलांडली जाते. उन्हाळ्यांत खिडक्या उघड्या ठेवणें भाग असतें, आणि दुपारीं वडील मंडळी पडलेलीं असतात. तेव्हां त्या वेळीं सबवूफरचें बटण उतरविण्याचा नियमच करावा.

ह्या संचाचा एक उपयोग मात्र वडील मंडळींस आवर्जून सांगितला पाहिजे. सहा वाटांच्या रचनेंत पात्रांचें बोलणें मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतें. संगीत, वारा आणि गडगडाट इतर स्पीकरांकडे जातो. ज्यांना अलीकडे कमी ऐकूं येतें, ज्यांची तक्रार असते कीं "गाणीं मोठ्यानें वाजतात आणि बोलणें कळत नाहीं", त्यांच्यासाठीं मधल्या स्पीकरचा आवाज थोडा वाढवावा आणि बाकीचे थोडे उतरवावे. एकंदर गोंगाट न वाढतां शब्द स्पष्ट होतात. मुलाच्या खेळासाठीं उतरविलेला संच आजीच्या मालिकेस आणि आजोबांच्या बातम्यांस अशा रीतीनें उपयोगी पडतो. एकत्र घरांत कोणत्याहि वस्तूची योग्यता तिचा किती जणांस उपयोग होतो ह्यावरूनच ठरते.

तेव्हां आमचें सांगणें क्रमानें असें आहे. प्रथम माळ्यावरचा संच खालीं काढून, धूळ पुसून, टीव्हीच्या हेडफोनच्या भोकाला हिरवी पिन लावून पाहावी. तो जिवंत आहे कीं नाहीं हें तेवढ्यानें कळतें. जिवंत असेल तर खेळयंत्राची पाठ पाहून कोणती पेटी लागते तें कागदावर लिहावें. त्यानंतरच बाजार. पेटी आणि केबली मिळून जो खर्च येतो तो नव्या साउंडबारच्या मानानें बहुधा थोडा असतो. वांचलेल्या पैशांचें काय करावें हें ज्या त्या घरानें ठरवावें. ही जोडणी मुलानें स्वतः करावी आणि वडिलांनीं शेजारीं बसून ती करून घ्यावी, असें मात्र आम्ही सुचवूं. कोणती वाट कोठून कोठें जाते हें एकदां हातानें जोडून पाहिलेला मुलगा पुढें घरांतील कोणतेंहि यंत्र बिघडलें असतां टाकून देण्यापूर्वीं तें फिरवून त्याची पाठ पाहील.